दक्षिण इटली, व्हाया धारूर घाट

जोडून सुट्टी आली की पुण्याची माणसं महाबळेश्वरच्या घाटात एकमेकांच्या गाड्यांमागं उभी राहतात, मुंबईची अलिबागच्या रस्त्यावर. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या माणसाला अशी ठरलेली जागा नाही. आमच्याकडं जोडून सुट्टी म्हणजे पाहुणे. एक तर ते येतात, नाहीतर आपण जातो. साखरपुडा, बारसं, वास्तुशांती, दहावा, कुणाच्या तरी पोरीसाठी स्थळ बघणं. आणि यातलं काहीच नसेल तर कुणाचा तरी पाय मोडलेला असतोच, त्याला भेटून यायचं. नुसतं ‘फिरायला चाललोय’ म्हणून गाव सोडणाऱ्याकडं लोक काळजीनं बघतात. ‘फिरायला? दवाखाना तर नाही ना लागला काही?’

तरी त्या वर्षी २६ जानेवारी शुक्रवारी आली, पाठोपाठ महिन्यातला चौथा शनिवार आणि मग रविवार. हा योग हेरला आमच्या बँकवाल्या मित्रानं. नवं कॅलेंडर घरात आलं की तो आधी लाल आकडे मोजतो, मग राशिभविष्य वाचतो. बाकीचे आम्ही म्हणजे माजी सरपंच (यांना ‘माजी’ म्हटलेलं चालत नाही), जनावरांचे डॉक्टर, कृषी सेवा केंद्र चालवणारे शेठ आणि शाळेत इतिहास शिकवणारा मी. बसायची जागा शेठचं दुकान. तिथल्या खुर्च्या कंपनीच्या आहेत आणि चहा उधारीवर येतो.

या दुकानात इटली आली ती खतातून. मराठवाड्यातल्या बऱ्याच लोकांचं पहिलं परदेशगमन खतामुळं घडलेलं आहे. कंपन्या दुकानदारांना टार्गेट देतात. एवढ्या पेट्या उचलल्या तर मिक्सर, त्याहून जास्त उचलल्या तर सोन्याचं नाणं, आणि गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही इतक्या उचलल्या तर बँकॉक. आमचे शेठ बँकॉकला जाऊन आलेले आहेत. तिथल्या हॉटेलातल्या नाश्त्याबद्दल ते अतिशय खुलवून सांगतात, बाकी शहराबद्दल काहीच सांगत नाहीत.

त्या हंगामात स्कीमचं जे गुळगुळीत पत्रक आलं त्यावर बँकॉक नव्हतं, दक्षिण इटली होती. नेपल्स, पॉम्पेई, अमाल्फी, अल्बेरोबेल्लो, मातेरा. निळा समुद्र, झाडाला लगडलेली मोठाली लिंबं, आणि लिंबांकडं बघून विनाकारण हसणारी एक गोरी बाई. शेठनं ते पत्रक कीटकनाशकाच्या तक्त्याशेजारी चिकटवलं आणि टार्गेटच्या मागं लागले. विद्राव्य खताच्या बॅगा खपवायच्या होत्या. ज्याला बांध नाही त्यालाही त्यांनी बॅग विकली. माझी शेती म्हणजे गच्चीवरची तुळस आणि एक कोरफड, तरी माझ्याकडं १९:१९:१९ ची अख्खी बॅग आली. इतकं करून टार्गेट काही पुरं झालं नाही. पाऊस मधेच गायब झाला, लोकांनी खत घेणं थांबवलं, आणि पत्रक तेवढं भिंतीवर राहिलं.

ते समोर असायचं म्हणून रोज संध्याकाळी त्यातल्या एकेका गावाची चौकशी निघायची, आणि इतिहासाचा मास्तर म्हणून उत्तर देण्याचं काम माझ्याकडं. अल्बेरोबेल्लो सरपंचांना भारी आवडलं. तिथली घरं चुनखडीच्या दगडांची, चुना-माती न लावता नुसती रचलेली, वर शंकूच्या आकाराचं दगडीच छप्पर. असं सांगतात की नवी वस्ती उठवली की नेपल्सच्या राजाला कर भरावा लागे. मग तिथल्या जमीनदारानं रयतेला बजावलं, घर असं बांधा की तपासणीला माणूस निघालाय कळलं की उतरवून ठेवता आलं पाहिजे. १७९७ साली राजानं गाव जमीनदाराच्या हातून सोडवलं, तोवर हा कारभार चालला.

“म्हणजे शे-दीडशे वर्षं घरपट्टी बुडवली,” सरपंच म्हणाले. “अन् मग? जप्ती आली का?”

“१९९६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.”

सरपंच बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. “थकबाकी तर आपल्या बी गावात आहे, गुरुजी. आपला वारसा कामून होईना मग?”

मातेरा डॉक्टरांच्या वाट्याला आलं. डोंगरात खोदलेल्या गुहांची वस्ती. माणसं, खेचरं, कोंबड्या सगळं एका खोलीत. १९५० च्या सुमाराला इटलीच्या पुढाऱ्यांना ही गोष्ट साऱ्या देशाची लाज वाटायला लागली, १९५२ मध्ये कायदा करून लोकांना नव्या घरांत हलवलं. गुहा ओस पडल्या. १९९३ ला तिथंही युनेस्को पोचली, २०१९ ला मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, आता त्याच गुहांत महागडी हॉटेलं आहेत.

“जनावर बांधलं होतं तवा लाज,” डॉक्टर म्हणाले, “अन् जनावर सोडून गिऱ्हाईक बांधलं की संस्कृती. बरंय.”

मातेराच्या निमित्तानं मी त्यांना कार्लो लेवीही सांगितला. हा डॉक्टर आणि चित्रकार. मुसोलिनीनं १९३५ मध्ये त्याला याच कोरड्या, उपेक्षित मुलखात हद्दपार केलं. पुढं १९४५ ला त्याचं पुस्तक आलं, त्याचं नावच असं की ख्रिस्त एबोलीला थांबला. एबोली म्हणजे जिथून रस्ता आणि रेल्वे समुद्रकाठ सोडून आत वळतात ते गाव. त्याच्या पुढं देवही आला नाही, असं तिथले लोक म्हणायचे. हे एरवी समजावून सांगायला पाऊण तास लागला असता. दुकानात एक वाक्य पुरलं. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ ला, आणि आम्ही हे बोलत होतो तेव्हा ती आष्टीपर्यंत येऊन थांबलेली होती. बीडच्या स्टेशनात गाडी शिरली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. आमच्याकडं ती यायची आहे. आम्ही घरीच आहोत.

सुट्टी जवळ आली तसं बँकवाल्यानं शांतपणे व्हिसाचे कागद वाचून दाखवले. खात्याचा उतारा, परतीचं तिकीट, हॉटेलची पावती, ३०,००० युरोचा विमा. विम्याचा आकडा रुपयांत सांगितल्यावर शेठ म्हणाले, एवढ्यात तर माणूस इथंच मेलेला परवडतो. शिवाय सरपंचांकडं पासपोर्ट नव्हता. ते म्हणाले, जाऊ द्या इटली. पत्रकातली गावं आपल्याच भागात बघूत. आपल्याकडं काय नाही?

हा प्रश्न आमच्याकडं छाती पुढं काढून विचारला जातो आणि नंतर थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. पण या वेळी माझ्याकडं उत्तर होतं. मी म्हणालो, पॉम्पेई आहे. तेरला.

शुक्रवारी शाळेतलं झेंडावंदन उरकून मी सरपंचांच्या बोलेरोत बसलो. पहिलं ठिकाण अमाल्फीचा किनारी रस्ता, म्हणजे धारूरचा घाट. अमाल्फीला एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधे जेमतेम दोन गाड्यांची वाट. गर्दीच्या दिवसांत नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम ते बघून पाहुण्यांच्या गाड्या सोडतात. धारूरच्या घाटात जानेवारीत सम आणि विषम दोन्ही आकड्यांचे ऊसवाले असतात. तेलगावपासूनच गाळपाची गर्दी सुरू झाली होती. घाटात एका वळणावर उसाची डबल ट्रॉली चढाला दम टाकून थांबलेली, मागच्या चाकाला दगड, टेपवर मोठ्यानं गाणं, आणि ड्रायव्हर खाली उतरून फोनवर कुणाला तरी ‘पोचलोच’ म्हणून सांगत होता. आमच्या मागं बघता बघता रांग लागली.

थांबलोच आहोत तर देखावा बघून घ्यावा म्हणून आम्ही कठड्याशी गेलो. अमाल्फीची लिंबं युरोपात भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहेत. बालाघाटाच्या या उतारांवर सीताफळं, आणि बीडच्या सीताफळालाही २०१६ मध्ये जीआय मिळालेलं आहे. फक्त जानेवारीत झाडावर ना फळ ना पान. शेठनं सगळ्यांना काटक्यांसमोर उभं करून फोटो काढला आणि पत्रकातल्या बाईनं हसावं तसं हसा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. ते ट्रॉलीवाल्याच्या दगडाकडं बघत होते.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दिंद्रुडहून तेरला जाताना वाटेत कळंब लागतं, आणि कळंबजवळ डॉक्टरांची सासुरवाडी आहे. जावई चार मित्रांना घेऊन दारावरून जाणार आणि नुसता चहा घेऊन उठणार, हे भूगोलात बसत नाही. आम्ही दुपारी तिथं टेकलो आणि पत्रकातल्या कुठल्याही गावाला मिळाला नसेल इतका वेळ त्या ओसरीला मिळाला. संध्याकाळी शेतात आगटी पेटवून हुरडा झाला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही, रात्री येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी. डॉक्टरांच्या सासूबाईंना कळलं की आम्ही इटली बघायला निघालोय.

“काय खातेत तिकडं?” त्यांनी विचारलं.

शेठनं टोमॅटोपासून चीजपर्यंत पिझ्झ्याचं व्यवस्थित वर्णन केलं.

“कोरड्यास नाही?” त्या म्हणाल्या, आणि इटलीची दया येऊन सगळ्यांना आणखी एकेक भाकरी वाढली.

तेरला पोचलो ते शनिवारी ऊन चढल्यावर. गाव तेरणा नदीच्या काठी. आधी गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. गोरोबा कुंभार, थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी वाजवून कुणाचं मडकं कच्चं ते सांगणारे. ही गोष्ट सरपंचांना लहानपणापासून पाठ आहे. दर्शन घेऊन ते सगळ्यांत आधी बाहेर पडले.

त्रिविक्रमाचं देऊळ मात्र थांबून बघण्याचं. विटांचं, मागची बाजू गोलाकार, हत्तीच्या पाठीचा घाट असलेलं छप्पर. मुळात हे बौद्ध चैत्य असावं, असं जाणकार म्हणतात, आणि महाराष्ट्रात अजून उभ्या असलेल्या सगळ्यांत जुन्या बांधकामांत त्याची गणना होते. तेरच्या जुन्या विटांची आणखी एक गंमत म्हणजे त्यातल्या काही पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा कालवून भाजलेल्या. भुसा जळून गेला, आत भोकं राहिली. पॉम्पेईवर व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं जो दगड ओतला तोही असाच सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. बँकवाला म्हणाला, घरकुलाच्या विटा बी हलक्याच असतेत, पण त्या पाण्यात विरघळतेत.

मग संग्रहालय. त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यातला बराचसा ऐवज या एका माणसानं जमवलेला. तेरभोवती पांढरीच्या टेकाडांचा वेढा आहे. मराठवाड्यात माळवदाच्या छतावर घालायला पांढरी माती लागते, लोक ती खणून न्यायचे. पाऊस पडून गेला की त्या खणलेल्या जागी मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडायच्या. बाकीच्यांच्या घरावर इतिहास चढत होता, लामतुरे तो वेचून घरात ठेवत होते. इटलीत छप्पर उतरवून कर चुकवला, इथं छप्पर चढवताना सातवाहन सापडले. मला विचाराल तर आपला व्यवहार जास्त फायद्याचा.

दालनात मी जरा आवाज चढवून माहिती सांगायला लागलो, तशी इतर कुटुंबंही जवळ सरकली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रव्यापाराची एक वही लिहिली, ‘पेरिप्लस’. तिच्यात पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं ‘तगर’ आहे. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट या अभ्यासकानं १९०१ मध्ये दाखवून दिलं. तगरातून कापड, मलमल आणि बाकी माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा, आणि तो व्यापारी लिहितो की या मुलखात धड रस्ते नाहीत.

“लेखी आहे हे?” सरपंचांनी विचारलं.

“लेखी आहे.”

“मग दोन हजार वर्षं झाली तक्रार देऊन,” ते म्हणाले. सार्वजनिक कामाचा त्यांना अनुभव आहे. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

काचेआड मातीची छोटी पदकं होती, रोमन नाण्यांवरून केलेली. अस्सल सोन्याचं नाणं परवडेना म्हणून लोक त्याची मातीतली नक्कल गळ्यात घालत. शेठ त्या पेटीसमोरून हलेनात. डुप्लिकेट मालाचा धंदा एवढा जुना असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडा दिलासाही होता. बँकवाल्यासाठी मी रोमन लेखक थोरला प्लिनी काढला. हिंदुस्थान दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असं रडगाणं त्यानं लिहून ठेवलंय. हाच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा गलबतं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि तिथंच मेला. “आपल्याला पैसे आले त्याची एन्ट्री आहे, पण शिल्लक दिसत नाही,” बँकवाला म्हणाला.

आणि मग ती. हस्तिदंताची एक छोटी बाई. अंगावर कापडापेक्षा दागिने जास्त, उभी राहण्यात कुणाची भीड नाही. एरवी वीज गेल्यावरच गप्प होणारी आमची मंडळी तिच्यापुढं गप्प झाली. मी सांगितलं, हिच्याच ठेवणीची एक बाई १९३८ साली पॉम्पेईत एका घराच्या ढिगाऱ्यात सापडली. आमेदेओ मायुरी हे तिथले उत्खननप्रमुख. मूर्ती सुमारे २५ सेंटीमीटरची, तीही हस्तिदंताची, तशीच दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन लहान बाया. ७९ साली सगळं शहर राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते.

डॉक्टरांनी बराच वेळ दोन्ही हात मागं बांधून निरीक्षण केलं. “हिची बहीण इटलीला कोणत्या कंपनीच्या स्कीममधून गेली?”

शेठनं मान खाली घातली.

दुपारनंतर धाराशिवची लेणी बघितली, मातेरा म्हणून. लेणी चांगली आहेत. बौद्ध, नंतर जैन, डोंगराच्या कुशीत, शांत. पण कुणाचं लक्ष नव्हतं. आत कुणी राहत नाही, जनावर नाही, हॉटेलही नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना काठावर पास केलं. नळदुर्ग ठरलेला होता, पण तिथला धबधबा जानेवारीत कोरडा असतो म्हणून रद्द झाला. सगळ्यांच्या डोक्यात ती बाई होती, आणि परतीच्या वाटेवर ढोकीच्या चहाला सरपंचांनी विषय काढला.

“म्हणजे तेरची लेक नेपल्सला दिलेली,” ते म्हणाले. “एकोणीसशे वर्षं झाली. माहेरचं कुणी गेलंच नाही?”

मी इतिहासाला जागून सांगितलं की मूर्तीच्या पायाशी खरोष्ठीतलं एक अक्षर कोरलेलं आहे. ती लिपी वायव्येकडची, गांधाराकडची, त्यामुळं काही अभ्यासक तिला तिकडची धरतात.

“सोयरीक जुळली की मोडता घालायला भावकीतलं कुणीतरी उठतंच,” सरपंच म्हणाले.

मग मी भोकरदनचं सांगितलं. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. “झालं तर,” सरपंच म्हणाले, “माहेर तेर, आजोळ भोकरदन. गांधारवाल्यांना म्हणावं कागद दाखवा.”

“सासरी नीट आहे का पण?” डॉक्टरांनी विचारलं.

इथं मला सांगणं भाग होतं. नेपल्सच्या संग्रहालयात पॉम्पेईतल्या उघड्यावाघड्या चित्रांचं, मूर्तींचं एक वेगळं दालन आहे, ‘गुप्त दालन’. १८१९ मध्ये तिथला राजपुत्र बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आला, ते सगळं बघून गोरामोरा झाला आणि कुलूप लावा म्हणाला. तेव्हापासून ते कधी बंद, कधी ओळखीच्या सभ्य पुरुषांपुरतं उघडं. सगळ्या जनतेसाठी उघडलं ते २००० साली. आपल्या बाईची रवानगी याच दालनात झाली.

सरपंचांनी बशी खाली ठेवली. “लेक कोंडून ठेवली?”

एवढ्यात बँकवाल्यानं मोबाइलवर व्हिसाचा अर्ज उघडला होता. प्रवासाचं कारण या रकान्यात पर्यटन आहे, व्यवसाय आहे, शिक्षण आहे आणि नातेवाईकांची भेटही आहे. “हेच टाका,” सरपंच म्हणाले. “फिरायला चाललोय म्हटलं तर संशय येतो. पाहुण्याकडं चाललोय म्हटलं की कोण अडवतंय?”

“राहायची सोय?” बँकवाल्यानं पुढचा रकाना वाचला.

“लेकीकडं,” शेठ म्हणाले.

“लेकीला लेकरूबाळ झाल्याशिवाय माहेरचे तिच्या घरचं पाणी घेत नसतेत. आहे का लेकरू?”

सगळ्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. शेजारच्या दोन लहान बाया आठवून ते जरा घोटाळले. पण त्या करवल्या असणार, असं ठरलं. करवल्याही परत आल्या नाहीत म्हणून सरपंचांना वेगळा राग आला. म्हणजे हॉटेल आलं, जेवण बाहेर आलं, आणि नातेवाईक निघाल्यामुळं वाचेल वाटलेला सगळा खर्च जिथल्या तिथं आला.

“अन् साडीचोळी न्यावीच लागंल,” सरपंच म्हणाले. “माहेरहून वेळेवर साडी गेली असती तर दालनाला कुलूप लावायची पाळी आली नसती.”

“वीतभर बाई आहे,” डॉक्टर म्हणाले. “खणात भागंल.”

“खण तर खण. पण पैठणीचा.”

मी म्हणालो, पैठण इथून दहा दिवसांवर आहे, लेखी आहे तसं.

“रस्ता झालाय आता,” बँकवाला म्हणाला.

“घाटातली ट्रॉली निघाली असली तर,” शेठ म्हणाले, आणि चहाचे पैसे सरपंचांनी द्यायचे की डॉक्टरांनी यावर दोघं उठून काउंटरशी भांडायला लागले.